आठ पिवळे रुमाल

माझी नोकरी पोरी गोळा करण्याची होती. असं म्हटलं की लोक दचकतात, आणि दचकावं म्हणूनच मी तसं म्हणते. कुणाच्या पोरी, कशाला हव्यात, हे मुळशी खोऱ्यातल्या प्रत्येक आईने मला दारातच विचारलं होतं. तुम्हीही विचारलंत तर मला राग नाही.

या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की अक्का, तुम्ही त्या काळात खेड्यात वीरबालांचं पथक चालवलंत, तर मुली कशा जमवल्या आणि कशा टिकवल्या ते लिहा, आजच्या ताईंना उपयोग होईल. होईल की नाही कोण जाणे. जमवल्या कशा ते सांगते. टिकवल्या कशा तेही सांगते. पण ज्या रीतीने टिकवल्या त्याच रीतीने त्या गेल्या, हे संपादकांना ठाऊक नाही. वाचून त्यांनी लेख परत पाठवला तरी माझी हरकत नाही. चुलीला कागद लागतोच.

आधी पथक म्हणजे काय ते सांगू, कारण आमच्या मालेगावात ते कुणालाच कळलं नव्हतं आणि पहिले सहा महिने मलाही नाही. (माले हो, पौडाच्या पुढे मुळशीच्या वाटेवरचं. नाशकाकडचं नव्हे.) मुलग्यांचे ते बालवीर आणि मुलींच्या त्या वीरबाला. विलायतेतून आलेली टूम. गळ्यात रुमाल बांधायचा, शिट्टीवर रांगेत उभं राहायचं, दोरीच्या गाठी शिकायच्या, जखम बांधायची, कुणी भाजलं तर काय करावं, बुडालं तर काय करावं ते पाठ करायचं. रोज एक तरी चांगलं काम करायचं आणि खोटं बोलायचं नाही. झालं पथक.

एकोणीसशे बावीस-तेवीसचा सुमार. पुण्याच्या काही शिकलेल्या बायकांच्या मंडळाने माल्यात मुलींची शाळा काढली होती. मी तिथे घंटा द्यायला आणि झाडलोट करायला लागले आणि वर्षाभरात लहान पोरींना अक्षरं गिरवायला शिकवू लागले. माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल, तर वाण्याच्या पुड्यांवर झालं. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालेल्या मुलीला शाळेत कोण घालतो? घरात येणारी प्रत्येक पुडी मी सोडवून, सपाट करून वाचायची. त्यामुळे मला गोष्टींची सुरुवात तरी माहीत असायची नाहीतर शेवट तरी. दोन्ही क्वचितच.

मंडळाच्या चिटणीसबाई एकदा मोटारीतून आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा लोकांत वावर आहे. पथक तुम्ही काढा." शिट्टी दिली, दोरी दिली, पथकाचं पुस्तक दिलं, पिवळ्या कापडाचा तागा दिला आणि नियम सांगितला. कमीत कमी आठ मुली हव्यात. आठ असतील तर ते पथक. सात असतील तर त्या नुसत्या सात मुली. दरसाल तपासणी, आणि त्या दिवशी आठ दिसल्या नाहीत तर पथक मोडलं.

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच लिहून ठेवते. मला मलमपट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने शिकवली. पुढे काय झालं ते वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवू नये. त्या पुण्याला राहत होत्या, इतकंच.

आता पोरी जमवण्याचं शास्त्र. मुलीशी आधी बोलायचं नाही. मुलगी तर एका शिट्टीत येते, तिला काय हो. आईशी बोलायचं, आणि आईचे हात कामात असताना बोलायचं, म्हणजे ती दार लावून घेऊ शकत नाही. स्वतःचे हातही रिकामे ठेवायचे नाहीत. चिमीची आई भात सडत होती, तिथे मी दुसरं मुसळ उचललं आणि तिच्या तालात घालायला लागले.

सडता सडताच ती म्हणाली, "अक्का, हात चांगला हाय तुमचा. आता काय इकाया आलायसा त्ये सांगा."

"विकायला काही नाही गं. तुझी चिमी रविवारी दुपारी मला दे."

"आन ह्ये तान्हं कोन बगंल? तुमी?"

हीच मेख होती. आमच्या बाजूला आठ-दहा वर्षांची पोर मोकळी नसतेच. तिच्या कडेवर धाकटं असतं. चिटणीसबाईंच्या नियमात कडेवरच्या पोरांना जागा नव्हती. मी म्हटलं, "तान्हं घेऊन येऊ दे."

पहिल्या रविवारी पाच पोरी आल्या आणि सहा तान्ही. खंडोबाच्या देवळापुढे आंब्याची झाडं आहेत, होती म्हणायला हवं, तिथे त्यांनी पोरं जमिनीवर ठेवली आणि रडारडीत माझी शिट्टी मलाच ऐकू येईना. तेव्हा मी ते दोरीचं भेंडोळं सोडलं आणि पहिला धडा दिला तो झोळी बांधण्याचा. लुगड्याचं फडकं, दोन फांद्या, आणि फांदीला अशी गाठ की पोर हललं की ती आवळत जावी. ज्या पोरीची गाठ सुटेल तिचं भावंड खाली येणार. असा अभ्यास मी पुढे कुठल्याच शाळेत पाहिला नाही. एकीचीही गाठ सुटली नाही.

दुसरी अडचण शिट्टीची. बाईमाणसाने शीळ घातली की घरात साप येतो, असं म्हणतात. दोन आयांनी त्यापायी पोरी नेल्या. पण वरच्या धनगरवाड्यातली रखमी आली ती शिट्टी ऐकूनच. तिचा बाप कांबळं सावरत खाली उतरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या पोरी शीळ घालत्यात म्हनून मेंढरं घरला येत्यात. साप न्हाई आला कदी." पुढच्या रविवारी त्या दोघींच्या पोरी परत आल्या.

पाणी पिण्यावरून झालं, ते वेगळंच. रखमीने घागरीला हात लावला तर बाकीच्यांनी पाणी प्यायचं की नाही. मी घागरच फोडली. म्हटलं, ओढा आहे, ओंजळ आहे. ज्याने त्याने आपली ओंजळ. शूरपणा नव्हता तो. भांडण करायला मला वेळ नव्हता, मला आठ हव्या होत्या.

सात झाल्या. आठवी मिळता मिळेना. आणि ती मिळाली ती ठकू.

ठकूचं गाव माल्याच्या वर, नदीकाठाला. त्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहून तुम्ही जाणार कुठे, तिथे आता पाणी आहे. त्या वेळी वर धरणाचं काम सुरू झालं होतं. खोऱ्यातली गावं बुडणार, हे सरकारने सांगितलं होतं आणि लोकांनी ऐकलं नव्हतं. नाही, ऐकलं होतं. पण भाताच्या शेताला पाणी हवं असतं हे त्यांना ठाऊक, आणि शेतावर कायमचं पाणी, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात मावत नव्हती. माणसं कामावर जाऊन आडवी पडत होती, पोलीस उचलत होते, पुन्हा पडत होती.

ठकू कुणाच्या सांगण्यावरून आली नाही. कडेवर धाकटा बापू घेऊन, तेवढी वाट तुडवून आली आणि म्हणाली, "मला बी गाठ शिकवा." दहा वर्षांची असेल. नाक सरळ, बोलणं त्याहून सरळ. महिन्याभरात ती पोरींची म्होरकी झाली. मी नेमली नाही. शिट्टी वाजली की पोरी माझ्याकडे बघायच्या आधी तिच्याकडे बघत.

पण ठकूचा बाप कोंडीबा. उंच, वाळका, जिभेला धार. मी त्याच्या दारात गेले तेव्हा तो औताची जुपणी नीट करत होता.

"अक्का, ह्या पथकात पोरींस्नी शपथ घ्याया लावत्यात म्हनं?"

"घ्यावी लागते."

"कुनाची?"

मी शपथ म्हणून दाखवली. देवाशी, राजाशी आणि देशाशी इमान राखीन, सगळ्यांच्या उपयोगी पडेन, खरं बोलेन, पथक सोडणार नाही. असं काहीतरी.

"राजा म्हंजी? आमच्या जिमिनीवर पानी सोडाया निगालाय त्योच न्हवं?"

"नावच आहे रे नुसतं, कोंडीबा. शब्द आहे."

"शब्दातच आसतंय समदं. जमीन बी तेच्या शब्दानंच चाललीया."

मी म्हटलं, "बरं. राजाच्या शब्दापाशी पोरींना खोकला येईल. चालेल?"

तो हसला. कोंडीबाला मी तेवढं एकदाच हसताना पाहिलं. पुढे खरंच ती रीत पडली. देवाशी, मग आठही जणींचा खोकला, आणि देशाशी. चिटणीसबाई मला म्हणाल्याही होत्या, "मुलींना खोकला फार आहे हो. काढा देत जा."

पण कोंडीबाचं तेवढ्यावर भागलं नाही. तो म्हणाला, "आन अक्का, शपथ म्हंजी त्वांडाची वाफ न्हवं. घ्यायचीच आसंल तर बेल-भंडार उचलून घ्यायाची. न्हाईतर कशापायी घ्यायाची?"

बेल-भंडार म्हणजे काय ते शहरच्या वाचकांसाठी सांगते. देवासमोर उभं राहून तळहातावर बेलाची पानं आणि खंडोबाची हळद घ्यायची आणि शब्द बोलायचा. बांधावरून भाऊ-भाऊ डोकी फोडतील, कोर्टात दहा वेळा खोटं सांगतील, पण बेल-भंडार उचलून खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. बोललं तर घराचा दिवा विझतो, असं मानतात. दिवा म्हणजे मुलगा.

ठकूच्या हातावर बेल-भंडार कोंडीबाने स्वतः ठेवला. गुरव बाजूला उभा होता. कोंडीबा म्हणाला, "ठके, नीट बोल. बोललीस की बांधलीस." ठकू बोलली. राजापाशी खोकली आणि पुढचं सगळं खणखणीत बोलली.

ते बघून बाकीच्या बापांना चेव आला. कोंडीबाच्या पोरीची शपथ खरी आणि आपल्या पोरीची खोटी काय? दोन रविवारांत आठही जणींनी बेल-भंडार उचलला. हळदीने पिवळे झालेले आठ तळवे आणि गळ्यात पिवळे रुमाल. मला फार सुरेख वाटलं होतं तेव्हा.

आणि खरं सांगते, माझं काम एकदम सोपं झालं. तोवर लावणी आली की पोरी गळत. चिखलात उभ्या पोरीला शिट्टी ऐकू येत नाही. त्या पावसाळ्यात मात्र इरली डोक्यावर घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आठही जणी देवळाच्या ओसरीत हजर. चिमीचं सासर ठरलं, तर तिची आई सासरच्यांना सांगती झाली, की पोरीनं भंडार उचललाय, पथक सुटल्याबगर पाठवायची न्हाई. जे पुण्याच्या मंडळाला पुस्तकं छापून जमलं नाही ते दोन पानांनी आणि चिमूटभर हळदीने केलं. चिटणीसबाईंनी पुण्याच्या सभेत माझं नाव घेतलं म्हणे. सगळ्या जिल्ह्यात फक्त आमच्याच पथकातली एकही मुलगी गळली नव्हती!

तर अशा टिकवल्या. आता पुढचं.

दिवाळी होऊन गेली होती, भातं कापून झाली होती. कोंडीबाच्या शेतात मोजणीवाल्यांनी खुंट्या रोवल्या. पाणी कुठवर येणार त्याची ती खूण. सकाळी बघतात तर एकही खुंटी जागेवर नाही. पुन्हा रोवल्या, पुन्हा गेल्या. फौजदार आला आणि अख्ख्या गावाला विचारून गेला. गाव म्हणालं, आमी न्हाई बघितलं. म्हातारीपासून पोरापर्यंत सगळे एका तोंडाने. डुकरांनी उपटल्या असतील, म्हणाले. एकजण म्हणाला, साहेब, खुंट्यांस्नी बी हितं ऱ्हावंसं वाटंना.

रविवारी दुपारी मी पोरींना हात मोडल्यावर फळी कशी बांधायची ते शिकवत होते. ठकूचा हात चिमीने बांधला होता. फौजदार घोड्यावरून आला, मागे दोन शिपाई. घोडा आंब्याला बांधून तो हसत हसत आमच्या वर्तुळात आला.

"काय बाई, हेच का ते पथक? खोटं न बोलणारं?"

मी म्हटलं, "पोरींची घरी जायची वेळ झाली, साहेब."

"जातील हो. तुमच्या चिटणीसबाई परवा सांगत होत्या, या मुली देवाशपथ खोटं बोलत नाहीत. मला वाटलं, बघावं तरी. सगळं खोरं खोटारडं, आठ पोरी तेवढ्या खऱ्या."

त्याने एकेकीला विचारलं. खुंट्या कुणी उपटल्या? चिमीने पाहिलं नव्हतं, ती नाही म्हणाली. रखमी म्हणाली, आमचं शेतच न्हाई. बाकीच्या नाही म्हणाल्या आणि ते खरंच होतं. मग तो ठकूपुढे उभा राहिला.

ठकूने माझ्याकडे पाहिलं नाही. मी अजून हे मनात घोळवते. तिने पाहिलं असतं तर मी मान हलवली असती. तिने देवळाकडे पाहिलं.

"आमच्या आबानं," ती म्हणाली. "उपटून डव्हात टाकल्या."

झोळीतलं एक पोर रडत होतं ते तेवढं रडत राहिलं. फौजदारालाही हे अपेक्षित नव्हतं. त्याने नंतर टोपी काढून डोकं खाजवलं, ते मला आठवतं.

दिवस मावळायच्या आत कोंडीबाला बांधून नेलं ते आमच्याच देवळासमोरून. ठकूच्या हाताला अजून फळी बांधलेली. तो थांबला आणि गावकऱ्यांना म्हणाला, "पोरीला कुनी हात लावायचा न्हाई. बेल-भंडार म्या दिलाय." तिच्याशी मात्र तो एक शब्द बोलला नाही.

सगळे पांगल्यावर मी फळी सोडायला लागले. गाठ निघेना, चिमीने फार आवळली होती. मी म्हटलं, "ठके, का गं?"

"बापूला ताप हाय न्हवं," ती म्हणाली.

एवढंच. बापूला चार दिवस हिवताप होता. पोर फणफणलं होतं, डोळे फिरवत होतं. ठकूने बेल-भंडार उचललेला, ती खोटं बोलली असती तर घराचा दिवा गेला असता. तिच्यापुढे बाप होता आणि भाऊ होता. तिने भाऊ उचलला.

हे मी घरोघर जाऊन सांगितलं. मुसळ घेऊन, जातं ओढून, शेणी थापून सांगितलं. कुणी मला बसा म्हटलं नाही. चिमीची आई म्हणाली, "अक्का, आमी अडानी. आख्खं गाव खोटं बोललं त्ये येका मानसासाठी. देवाला त्ये दिसलं न्हाई व्हय?" गुरव तर मला देवळाच्या पायरीवरच म्हणाला, "दरोडेखोर दारात आला आन सोनं कुटं म्हनला, तर भंडार उचललाय म्हनून सांगायचं व्हय? शपथेसंगट एवढी अक्कल बी द्याया पायजेल हुती. कोंडीबानं दिली न्हाई, म्या दिली न्हाई. तुमच्या त्या पुस्तकात हुती का?"

नव्हती. पुस्तक मी पाठ केलं होतं. वाघ आला तर काय करावं ते त्यात होतं. फौजदार आला तर काय करावं ते नव्हतं.

पुढच्या रविवारी मी शिट्टी वाजवली आणि कुणी आलं नाही. सोमवारी सकाळी शाळेच्या पायरीवर चिमीचा रुमाल होता. मग रखमीचा. आठवडाभरात सात रुमाल आले. एकही मळका नव्हता. नदीवर धुवून, उन्हात वाळवून, चौकोनी घडी घालून ठेवलेले. आमच्या मावळात दुसऱ्याचं कापड न धुता परत देत नाहीत. शिव्या घालून अंगावर फेकले असते तर मला इतकं लागलं नसतं. आणि बेल-भंडार? तो गुरवाने सोडवला, सातही जणींचा, एका सकाळी. मला बोलावलं नव्हतं.

आठवी येत राहिली. ठकू रविवारी यायची, बापूला कडेवर घेऊन. तो बरा झाला होता. देवामुळे की मी दिलेल्या कोयनेलाच्या कडू गोळ्यांमुळे ते मला विचारू नका. ठकूला विचाराल तर तिला ठाऊक होतं. आम्ही दोघी आंब्याखाली बसायचो. मी शिट्टी वाजवायची नाही, ती रांगेत उभी राहायची. एकटं माणूस रांगेत उभं कसं राहतं, ते पाहायचं असेल तर तिला पाहायला हवं होतं.

तपासणीला आठवडा उरला, तेव्हा मी चिटणीसबाईंना कळवलं, की एक मुलगी आहे, पथक मोडलं असं समजा. त्या आल्या त्या आनंदात. दोन मोटारी. एकीत त्या आणि दोन पाहुण्या, दुसरीत पुण्याच्या पथकातल्या सात मुली, बूट घातलेल्या.

"अहो, मोडलं कसं?" त्या म्हणाल्या. "बापाविरुद्ध खरं बोलणारी मुलगी! असं उदाहरण मुंबई इलाख्यात नाही. हिच्यासाठी आपण पथक ठेवणार. आज या सात जणी उभ्या राहतील, म्हणजे आठ होतील. फोटोपुरतं."

त्यांनी एक बिल्ला आणला होता. सत्यनिष्ठेचा. मी म्हटलं, "बाई, तिचा बाप तुरुंगात आहे."

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खरं पाणी.

पुण्याच्या मुलींनी रांग केली. मधे ठकू, अनवाणी. लांब बांधावर गावच्या बायका उभ्या होत्या, चिमीची आई होती, डोईवरचा भारा न उतरवता बघत होती. बाईंनी शपथ म्हणायला लावली. देवाशी, राजाशी, देशाशी. सात जणी खणखणीत म्हणाल्या. राजापाशी ठकू एकटी खोकली.

मग बाई बिल्ला लावायला वाकल्या. ठकूने मागे पाऊल घेतलं नाही, हात जोडले आणि म्हणाली, "बाईसाब, त्यो नगं. माजी शपथ सोडवा."

"काय म्हणते ही?"

"शपथ सोडवा म्हणते," मी म्हटलं.

बाई हसल्या, प्रेमाने, आणि तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "वेडी गं. वचन कधी सोडवायचं नसतं, बाळ. तेच तर तू सगळ्यांना शिकवलंस."

ठकूने मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिने पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. मी तिचा हात धरला आणि फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून उभा असताना तिला रांगेतून बाहेर काढलं. मागून बाई हाका मारत होत्या. देवळात गुरव दिवा पुसत होता. मी म्हटलं, "हिची सोडव."

त्याने आधी ठकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही न विचारता बेल काढला, तिच्या तळहातावर ठेवला, वर हळदीची चिमूट, आणि तांब्याने पाणी सोडलं. पिवळं पाणी उंबऱ्यावरून खाली गेलं. "सुटली," तो म्हणाला. ठकूने हात परकराला पुसला. बाहेर येऊन तिने आंब्याच्या झोळीतून बापूला काढलं आणि वरच्या वाटेला लागली. मला 'येते' म्हणाली नाही. बांधावरच्या बायकांनी तिला वाट दिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाक मारली नाही.

वर्षभर पोरी गोळा करणारी मी. शेवटची पोरगी माझ्या हाताने सोडली.

कोंडीबा सुटून आला तोवर वरचं गाव उठलं होतं. कुणी कुठे गेलं, कुणी कुठे. कोंडीबाचं घर पौडाच्या खाली कुणाच्या तरी शेतावर मजुरीला गेल्याचं कळलं. मी शाळेत राहिले. चिटणीसबाईंनी मला काढलं नाही, पण पुण्याच्या सभेत पुन्हा कधी माझं नाव आलं नाही. ते बरंच झालं.

पुढची पंचवीसेक वर्षं गाळते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. राजा गेला, स्वराज्य आलं, आणि पुन्हा कुणाला तरी पथकाची आठवण झाली. नवी शपथ, नवा रुमाल. मी म्हातारी झाले होते, पण पोरी गोळा करायची सवय हाताला असते. पौडाच्या बाजारात वांगी निवडणाऱ्या एका बाईच्या बाजूला एक दहा वर्षांची पोर उभी होती. सरळ नाकाची. मी बाईकडे बघायच्या आधी पोरीकडे बघितलं, म्हणजे बघा, शास्त्रच विसरले होते.

"अक्का," ती बाई म्हणाली. ठकू होती.

आम्ही वांग्यांवर बोललो, कोंडीबा गेल्याचं बोललो, पावसाचं बोललो. मग मला राहवलं नाही. "पोरीला पाठवतेस का गं रविवारी? आता राजा नाही."

"गाठी शिकवता?"

"शिकवते."

"आन शपथ?"

मी वांगी चाचपत राहिले.

"न्हाई, अक्का," ठकू म्हणाली. शांतपणे म्हणाली, जणू वांगी किडकी निघाली म्हणून परत ठेवत होती. निघताना वळून म्हणाली, "तुमचा रुमाल द्यायाचा ऱ्हायलाय माज्याकडं."

"राहू दे गं."

"न्हाई, तुमचं कापड हाय."

तेव्हापासून मी पोरींना शपथ दिली नाही. गाठी शिकवल्या, पट्ट्या शिकवल्या, झोळ्या बांधायला शिकवल्या. शपथ नाही म्हणून वरच्या कचेरीने पथक मानलं नाही. माझ्याकडे पोरी यायच्या, जायच्या, लावणीला गळायच्या, सासरी जायच्या. एकही टिकली नाही, असं ते म्हणतील. म्हणू देत.

ठकू भेटली त्याच्या पुढच्या बाजाराला शाळेच्या दारात एक गडी उभा. उंच, वाळका, मिशा राखलेला, हसतमुख. जिभेला धार असावी असा चेहरा. म्हणाला, "अक्का तुमीच न्हवं? मी बापू. ताईनं ह्ये दिलंय. कशाचं हाय म्हनून इचारलं तर सांगंना."

धुतलेला, उन्हात वाळवलेला, चौकोनी घडीचा.

मी त्याला चहा दिला, त्याने मुलाबाळांचं सांगितलं, आणि गेला. रुमाल मी पेटीत ठेवला, बाकीच्या सातांवर. पथकाला आठ लागतात. आठ झाले.